भुंतरच्या दरीत उतरण्यापूर्वी

कुलूजवळच्या भुंतर विमानतळावर कॅप्टन म्हणून विमान उतरवण्याची पात्रता मिळवायला मला मे ते ऑक्टोबर असे जवळजवळ सहा महिने लागले. सिम्युलेटर आणि प्रत्यक्ष उड्डाणे यांत त्यातले मोजकेच दिवस गेले. उरलेला बहुतेक वेळ हवामान समजून घेण्यात गेला, आणि तोही दिल्लीच्या आमच्या तळावर नव्हे, तर सुट्टीच्या दिवसांत इंदुरात, रामबागेतल्या घरी, जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या ग्राफ पेपरांवर. डोंगराळ विमानतळांवर जाऊ पाहणाऱ्या तरुण वैमानिकांना आणि अशा विमानांनी प्रवास करणाऱ्यांनाही ही तयारी आतून कळावी, म्हणून ती लिहून काढत आहे.

मी विमान चालवायला शिकले ती इंदुरातच. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फूट उंचीवर आहे, धावपट्टी साधारण पावणेतीन किलोमीटरची आहे आणि भोवताली मालव्याचे पठार पसरलेले आहे. इथे जूनमधला वादळी ढग कितीतरी लांबून दिसतो. त्याला वळसा घालता येतो, उज्जैनच्या किंवा देवासच्या बाजूला सरकून थोडा वेळ घिरट्या घालता येतात आणि नाहीच जमले तर भोपाळ जवळ आहे. पठारावर शिकलेल्या वैमानिकाच्या मनात नकळत असे बसते की मागे फिरायला जागा नेहमीच असते. मला सगळ्यात आधी ही समजूत सोडावी लागली.

भुंतरची धावपट्टी ३,५७३ फुटांवर आहे आणि तिची लांबी जेमतेम अकराशे मीटर आहे. ती बियास नदीला धरून, दरीच्याच दिशेने आखलेली आहे. पार्वती नदी बियासला मिळते ती जागाही तिथून जवळच आहे. दोन्ही बाजूंचे डोंगर दहा हजार फुटांच्या वर जातात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय अशा विमानतळांना ‘क्रिटिकल’ गणते आणि तिथे जाणाऱ्या कॅप्टनला वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. आम्ही तिथे जातो ते दिवसाउजेडी आणि डोंगर, नदी, गावे नजरेने ओळखत. नजरेने उडण्याचा नियम सांगतो की दहा हजार फुटांच्या खाली निदान ५ किलोमीटर आणि त्याच्या वर ८ किलोमीटर दृश्यमानता हवी, आणि ढगापासून आडवे दीड किलोमीटर व उभे १,००० फूट अंतर राखायला हवे. परीक्षेसाठी हा नियम मी पाठ केला होता. त्यात किती जागा लागते, हे मात्र कागदावर दरी काढेपर्यंत मला कळले नव्हते.

ती दरी मला काढायला लावली आमच्या शेजारच्या काकांनी. ते हवामान खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि आयुष्यभर त्यांनी वैमानिकांना हवामानाची माहिती दिली आहे. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मी त्यांना भुंतरचा त्या दिवशीचा मेटार, म्हणजे विमानतळाचा ठरावीक वेळी निघणारा हवामान अहवाल, वाचून दाखवला. दृश्यमानता ६ किलोमीटर, ५,००० फुटांवर बराचसा ढग, वारा अगदी मंद. “चांगलं आहे,” असे मी म्हणाले. काकांनी टेबलावरचा ग्राफ पेपर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “अगं, काढून बघ ना. मग सांग चांगलं आहे का.”

मी उभ्या अक्षावर फूट मांडले आणि धावपट्टी ३,५७३ वर रेखली. दोन्ही बाजूंचे डोंगर काढले. मग ५,००० वर ढगाची रेघ मारायला गेले, तेव्हा त्यांनी माझी पेन्सिल थांबवली. मेटारमधली ढगांची उंची विमानतळाच्या पातळीपासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नव्हे. म्हणजे ती रेघ ८,५७३ फुटांवर पडायला हवी होती. रेघ तिथे मारली आणि चित्रच बदलले. दोन्ही डोंगरांचे माथे ढगात गेले होते. इंदूरवर ५,००० फुटांवरचा ढग म्हणजे डोक्यावरचे उंच छप्पर असते, त्याच्याखाली कुठूनही कुठेही जाता येते. इथे मात्र ती रेघ दोन भिंतींवर ठेवलेल्या झाकणासारखी दिसत होती. त्या झाकणाखाली १,००० फूट सोडायचे, जमिनीपासून पुरेसे वर राहायचे, दोन्ही उतारांपासून अंतर ठेवायचे आणि त्यातून जे उरेल तेवढ्यात विमान वळवायचे. उरलेली जागा मी पेन्सिलीने भरली, तर ती फार थोडी होती.

काकांनी त्यावर दुसरी गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते सगळ्या तयारीचे सार त्यातच होते. “हा कागद धावपट्टीशेजारी उभं राहून वर बघणाऱ्या माणसाचा आहे. तू तिथे उभी नसणार. तू बाहेरून आत येणार आहेस.” मेटार विमानतळाविषयी आणि फार तर त्याच्या अवतीभवतीच्या काही किलोमीटरांविषयी बोलतो. औट गावाच्या बाजूला, जिथे दरी चिंचोळी होते, तिथे काय चालले आहे हे त्यात नसते. ‘कॅव्होक’ हा शब्द ऐकला की वैमानिकाला बरे वाटते, कारण त्याचा अर्थ दृश्यमानता १० किलोमीटर किंवा अधिक आणि उड्डाणाच्या दृष्टीने महत्त्वाचा ढग नाही; पण तेही विमानतळापुरतेच खरे असते. त्या दिवसापासून मी प्रत्येक अहवालासाठी दोन छेद काढू लागले: एक विमानतळापाशी दरी आडवी कापणारा, आणि दुसरा दरीच्या लांबीने, तोंडापासून धावपट्टीपर्यंत. दुसऱ्या छेदात मला बहुतेक वेळा मोकळी जागा सोडावी लागे, कारण तिथली माहितीच नसे. ती मोकळी जागा भरण्यासाठी मग उपग्रहाची चित्रे, आसपासच्या ठिकाणांची निरीक्षणे आणि नुकतेच तिथून परतलेल्या वैमानिकाचे चार शब्द गोळा करायचे. या चार शब्दांना मी सगळ्यांत जास्त किंमत देते.

उन्हाचा धडा घरीच मिळाला. हवा तापली की विरळ होते, आणि विमानाला तेव्हा आपण प्रत्यक्षापेक्षा जास्त उंचीवर असल्यासारखे वाटते. या भासमान उंचीला आम्ही डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतो. त्या उंचीसाठी ठरलेल्या प्रमाण तापमानापेक्षा हवा जितके अंश गरम, त्यातल्या दर अंशामागे साधारण १२० फूट मिळवायचे, असा ढोबळ हिशेब आहे. इंदूरच्या उंचीवर प्रमाण तापमान सुमारे ११ अंश येते; मेमध्ये पारा ४२ वर गेला की आमची १,८५० फुटांवरची धावपट्टी विमानाच्या लेखी साडेपाच हजार फुटांवर गेलेली असते. धावपट्टी लांब असल्यामुळे आणि समोर डोंगर नसल्यामुळे इथे ते फारसे जाणवत नाही. भुंतरला प्रमाण तापमान ८ अंशांच्या आसपास येते, म्हणून ३२ अंशांच्या दुपारी तिथे डेन्सिटी अल्टिट्यूड सुमारे ६,४०० फूट होते, आणि धावपट्टी अकराशे मीटरची. त्यामुळे तिथून निघताना विमानातल्या कितीतरी जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात. लेह तर १०,६८२ फुटांवर आहे. तिथे २५ अंशांची सुखद वाटणारी दुपार विमानाला १४,००० फुटांच्या वर नेऊन ठेवते.

विरळ हवेचा आणखी एक परिणाम वैमानिकाच्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक घातक आहे. वेगदर्शक यंत्रावर काटा १२० नॉटवरच असतो, पण विरळ हवेत विमान प्रत्यक्षात त्याहून वेगाने पुढे जात असते आणि वेग वाढला की वळणही मोठे होते. समुद्रसपाटीवर ३० अंश कलून मागे फिरायला सुमारे १.३५ किलोमीटर रुंदी लागते. उन्हाळ्यात सात हजार फुटांवर, जिथे डेन्सिटी अल्टिट्यूड दहा हजारांच्या घरात असते, तेच वळण सुमारे १.८ किलोमीटर घेते. मागून वारा असला तर आणखी जास्त. हे आकडे मी ग्राफ पेपरवर मापाने काढले, कात्रीने कापले आणि दरीच्या आडव्या छेदावर ठेवून पाहिले. काही ठिकाणी ती पट्टी दरीत मावत नव्हती.

वाऱ्याला मात्र मी सगळ्यांत जास्त वेळ दिला, कारण दरीतला वारा पंचांगासारखा चालतो आणि तरीही फसवतो. रात्री डोंगरउतारावरची हवा थंड व जड होऊन खाली घसरते आणि दरीतून नदीच्या दिशेने वाहते. सूर्य वर आला की उतार तापतात, त्यांना लागून असलेली हवा वर चढू लागते आणि तिची जागा घ्यायला खालून, दरीच्या तोंडाकडून वारा येतो. तो दुपारी सर्वांत जोरात असतो. बियास भुंतरपाशी दक्षिणेकडे वाहते, म्हणजे सकाळचा वारा उत्तरेकडून खाली आणि दुपारचा वारा दक्षिणेकडून वर. अकराशे मीटरच्या धावपट्टीवर वारा पाठीमागून आहे की समोरून, यावर सगळे अवलंबून असते. शिवाय या बदलाच्या मधल्या काळात धावपट्टीच्या दोन टोकांचे विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळ्या, दोन वेगळ्या दिशा दाखवू शकतात, हे मी पुढे स्वतः पाहिले.

जुलैमध्ये काकांनी मला पाताळपाणीला नेले. महूच्या पुढे मालव्याचे पठार एकदम तुटते आणि विंध्याचा कडा खाली निमाडकडे उतरतो. खालून आलेली दमट हवा कड्याला अडून वर चढत होती आणि आमच्या डोळ्यांदेखत, पायांच्या पातळीवर, तिचा ढग होत होता. आकाशातून ढग खाली आला असे नव्हे, तर जागच्या जागी हवाच पांढरी झाली. हवेचे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते) यांतल्या दर अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ साधारण ४०० फूट वर असतो. तो फरक तीन अंशांवर आला तर तळ १,२०० फुटांवर येतो. आणि दमट हवा उतारावर चढत असेल तर हा हिशेब डोंगराच्या पायथ्यापासूनच लावायचा. रडारवर न दिसणारा हा साधा ढग मला तोवर निरुपद्रवी वाटत असे. त्या कठड्यापाशी उभी असताना समोरचे झाड मोजून दोन मिनिटांत नाहीसे झालेले मी पाहिले.

ऑगस्टमध्ये सिम्युलेटर झाले आणि तिथे माझी चूक झाली. प्रशिक्षकांनी हवामान काठावरचे ठेवले होते: दृश्यमानता पुरेशी, ढग उतारांना चिकटलेले, पण समोर दरी उघडी. दरीत ज्या जागेच्या पुढे मागे वळता येत नाही, ती जागा मी आधी नकाशावर ठरवली होती. तिथे पोहोचले तेव्हा धावपट्टीची बाजू मोकळी दिसत होती, म्हणून मी पुढे गेले. अर्ध्या मिनिटाने समोरून पावसाची सर आली. मी वळण सुरू केले आणि प्रशिक्षकांनी सिम्युलेटर जागच्या जागी थांबवले. त्यांनी एकच विचारले, “मागे पाहिलं होतं का?” मी पाहिले नव्हते. ज्या वाटेने मी आत आले होते, तिथे ढग उतरून केव्हाच दरीच्या तळाला टेकला होता. मी वळून जिथे जाणार होते, तिथे जायला वाट उरली नव्हती. घरी आल्यावर मी लांबीचा छेद पुन्हा काढला आणि त्या ठरलेल्या जागेशेजारी लाल शाईने लिहिले: इथे पुढची वाट उघडी हवी आणि मागचीही. दोन्हींपैकी एक जरी दिसत नसेल तरी इथून परत. तो निर्णय तिथे जाऊन घ्यायचा नाही, तो जमिनीवरच घेऊन जायचा आणि तिथे फक्त अमलात आणायचा, हे मला त्या एका प्रश्नाने शिकवले.

सप्टेंबरमध्ये अनुभवी कॅप्टनच्या मागच्या जागेवर बसून पाहण्याची उड्डाणे झाली. ते मला सतत बाहेर बघायला सांगत. दूरच्या उंच रांगेवर बदामाच्या आकाराचा, कडा घासून गुळगुळीत केल्यासारखा ढग एकाच जागी थांबलेला दिसला की समजायचे, वर जोराचा वारा रांगेला काटकोनात आदळतो आहे आणि पलीकडच्या बाजूला त्याच्या लाटा उठल्या आहेत. ढग स्थिर दिसतो, पण हवा त्यातून वेगाने वाहून जात असते. त्याच्या खाली फाटक्या कापसासारखे गोल फिरणारे ढग असतील तर तिकडे जायचेच नाही. खाली दरीत पाहायचे ते घरांच्या चुलींचा धूर, नदीवरच्या लहरी आणि ढगांच्या सावल्या कोणत्या बाजूला सरकतात ते. धुराइतका प्रामाणिक विंडसॉक दुसरा नाही, असे ते म्हणत, आणि मला ते पटले.

हिवाळ्याचे दोन धोके त्यांनी वेगळे सांगितले. एक म्हणजे पश्चिमी विक्षोभ, पश्चिमेकडून येणारे पाऊस-बर्फाचे हवामान, जो आला की दरी दिवसेंदिवस बंद राहते. तिथे प्रश्न सोपा असतो, जायचे नाही. दुसरा धोका स्वच्छ, कडाक्याच्या थंडीचा. थंड हवेत उंचीमापक यंत्र जास्त उंची दाखवते. प्रमाणापेक्षा दर १० अंश थंडीमागे साधारण चार टक्के. हवा २० अंशांनी थंड असेल तर विमानतळापासून ५,००० फूट वर आहोत असे यंत्र सांगते, तेव्हा विमान सुमारे ४०० फूट खाली असते. आणि ‘डोंगरात सकाळ चांगली’ हा नियम सगळीकडे लावायचा नाही, हेही त्यांनी बजावले. काठमांडूचे खोरे वाटीसारखे आहे. हिवाळ्याच्या सकाळी तिथे धुके साचते आणि विमाने ऊन वर येण्याची वाट पाहत थांबतात.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कॅप्टनच्या जागेवर बसून, शेजारी प्रशिक्षक असताना, मी पहिल्यांदा निघाले. भुंतरचा अहवाल उत्तम होता. दरीच्या तोंडाशी मात्र आदल्या रात्रीच्या पावसाची ओल उन्हाने वर उचलली होती आणि चिंचोळ्या भागात दोन्ही उतारांचे ढग मध्ये येऊन भिडत होते. त्यांच्या फटीतून पलीकडे उन्हात चमकणारी नदी दिसत होती. ती फट पाहून हात पुढे ओढला जातो, हे मी खोटे बोलणार नाही. ठरलेल्या जागेच्या बरेच अलीकडे, दरी अजून रुंद असताना, मी वळण सुरू केले आणि आम्ही चंदीगडला उतरलो. प्रशिक्षक काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त इंधनाचा आकडा लिहून घेतला.

चंदीगडला प्रवाशांत इंदूरचे एक मराठी कुटुंब होते. आजोबा उतरताना थांबले आणि थोडे दुखावल्या स्वरात म्हणाले, “अहो ताई, आमचा मुलगा आत्ता फोनवर सांगतोय, तिथे लख्ख ऊन पडलंय. मग आपण परत का आलो?” मी त्यांना सांगितले की त्यांचा मुलगा अगदी खरे सांगतो आहे, ऊन तिथे नक्कीच आहे, पण उन्हापर्यंत जायची वाट बंद झाली आहे, आणि आत जाऊन ती मागून बंद झाली असती तर मला तुम्हाला परत आणता आले नसते. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “मग बरं केलंत.” त्यांचे टॅक्सीचे आठ-नऊ तास आणि त्यांच्या सुनेच्या कडेवर झोपलेले मूल, दोन्ही मला पुढे कितीतरी दिवस आठवत होते.

ऑक्टोबरच्या मध्यावर आकाश धुऊन निघाले. आम्ही पहाटे निघालो. दरीचे तोंड, मधला चिंचोळा भाग आणि मागची वाट, तिन्ही उघडी होती. ठरलेल्या जागेवर मी मान वळवून मागे पाहिले आणि तसे मोठ्याने उच्चारले. सकाळच्या थंड हवेत विमान शांत होते. खालच्या गावांचा धूर पातळ थर होऊन उतारांना टेकला होता आणि दक्षिणेकडे, नदीबरोबर, सरकत होता. धावपट्टीवर चाके टेकली तेव्हा आठ वाजायला पाच मिनिटे होती. प्रवासी उतरले, नवे चढले, सामान चढायला थोडा वेळ लागला. त्या वेळात मी विमानाभोवती फेरी मारताना पलीकडच्या काठावरच्या एका घराचा धूर पाहत होते. तो हळूहळू सरळ उभा राहिला आणि नंतर किंचित उत्तरेकडे कलला. आम्ही सव्वानऊच्या आत निघालो.

दोन दिवसांनी इंदूरला आले, तेव्हा पात्रतेचा कागद आणि त्या दिवसाचा ग्राफ पेपर, दोन्ही काकांपुढे ठेवले. पात्रतेचा कागद त्यांनी वाचून काकूंकडे दिला. ग्राफ पेपर जवळ ओढून घेतला, चष्मा चढवला आणि विचारले, “धूर किती वाजता उभा राहिला?”

“आठ पन्नासला,” मी म्हणाले.

त्यांनी दरीच्या रेघेशेजारी पेन्सिलीने ती वेळ लिहिली, आणि त्याखाली तारीख.